दुसरा कोस

प्रश्न : ऑफिसात माझी एक ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली) मैत्रीण आहे, मरोळ गावठाणातली. तिच्या कामवाल्या मावशींना डेंग्यू झाला तर तिने महिन्याचा पूर्ण पगार दिलाच, वर हॉस्पिटलला जायला-यायला रिक्षाचे पैसे पण दिले. मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणाली "दुसरा कोस गं". ख्रिस्ती लोकांत असं जास्तीचं द्यायचा नियम असतो का? आमच्या मावशी तापामुळे आठ दिवस आल्या नाहीत, आम्ही पैसे कापले. मिस्टर म्हणतात जास्त दिलं की लोक डोक्यावर बसतात. – एक वाचक, दादर

उत्तर : ताई, नियम नाहीये, नियम असता तर तो दुसरा कोस राहिलाच नसता. हे मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात आहे. तेव्हा रोमन शिपाई रस्त्यातल्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावायचा, आपल्या मराठी बायबलात त्याला चक्क वेठीस धरणं म्हटलंय, आणि येशू म्हणतो एक कोस नेलं तर तू दोन कोस जा. इथला कोस म्हणजे रोमन मैल, साधारण दीड किलोमीटरचा, म्हणजे दादर स्टेशनवरून जवळपास शिवाजी पार्कच्या चौपाटीपर्यंत, खांद्यावर ओझं घेऊन. तिथे हुकूम संपतो. त्यापुढे तुम्ही चालताय ते तुमच्या मनाने, आता तुम्हाला कुणी नेत नाहीये.

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायातला शोमरोनी (इंग्रजीतला "गुड समॅरिटन") तर मला फारच आवडतो. रस्त्यात पडलेल्या जखमी परक्या माणसाला तो उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो, सकाळी मालकाला दोन दिनार देतो (मजुराची दोन दिवसांची मजुरी) आणि वर सांगतो, आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे वाण्याकडे खातं उघडं ठेवून गेला तो! कर्तव्यापलीकडच्या चांगल्या कामाला धर्मशास्त्रात जो लॅटिन शब्द आहे तो त्याच्या या "आणखी खर्च"वरूनच आलाय. त्यावर चर्चमध्ये वादही झाले, कॅथलिक शिकवणीत आज्ञा (पाळायच्याच) वेगळ्या आणि सल्ले (ज्याच्या त्याच्या मनावर) वेगळे, तर अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, 39 कलमांतलं 14वं म्हणतं की देवाने सांगितलंय त्याहून जास्त काही माणूस करूच शकत नाही. मला दोन्ही पटतात, कारण देणाऱ्याने हिशोब मांडून बसू नये एवढं दोघांनाही हवंय.

माझी आई सिटीलाइटला मासे घ्यायची. एकदा पर्समध्ये पैसे कमी निघाले म्हणून तिने बोंबलाचा छोटा वाटा घेतला, घासाघीस नाही, "वर टाक" पण नाही म्हटलं, आणि कोळीण मावशींनी न बोलता चार बोंबील उचलून पिशवीत टाकले आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आईला थँक्यू म्हणायलाही वेळ दिला नाही. आई ते चार बोंबील शेवटपर्यंत विसरली नाही.

आता तुमचं, आणि जरा स्पष्टच सांगते. आजारपणातला पगार मी दुसऱ्या कोसात धरतच नाही, तुम्हाला ऑफिसात सिक लीव्ह मिळते ना, मग मावशींना का नको, तो पहिलाच कोस झाला. तुमच्या मैत्रिणीचा दुसरा कोस रिक्षापासून सुरू होतो. मिस्टरांची भीती मी समजू शकते, पण तापाने झोपलेलं माणूस कुणाच्या डोक्यावर बसणार? ते आठ दिवसांचे पैसे या पगाराबरोबर देऊन टाका, मिस्टरांना सांगून द्या, लपवून नको. आणि मावशींच्या अंगात अजून अशक्तपणा असेल तर चार दिवस भांडी तुम्ही दोघं घासा.