अक्कलदाढ काढून सहा तास झाले, थुंकीत अजून रक्त दिसतंय. घाबरण्यासारखं आहे का?

नुसती थुंकी गुलाबी येत असेल तर नाही. पहिले २४ तास असं चालतंच. चमचाभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की भलतंच जास्त वाटतं. उशीवर लाल डाग दिसला म्हणूनही घाबरू नका.

खरी गडबड आपणच करतो: सारखं थुंकायचं, चुळा भरायच्या, आरशासमोर जीभ लावून बघायचं. त्यानं खड्ड्यात धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. आज चुळा नकोत, स्ट्रॉ नको, गरम चहा नको. तंबाखू-सिगरेट तर नकोच.

आता स्वच्छ गॉजची घडी ओली करून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास घट्ट चावून बसा. मध्येच काढून बघायचं नाही! डोकं उंच ठेवा. दुखण्यासाठी मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्यानं रक्त जास्त वाहतं.

एवढं करूनही तोंड ताज्या लाल रक्तानं भरत असेल तर डेंटिस्टला लगेच फोन करा, रात्र असली तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच कळवा, पण ती स्वतःहून बंद करू नका. चक्कर, थंड घाम, जिभेखाली वाढती सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी किंवा १०८.

चार-पाच दिवसांनी अचानक रक्त आलं तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन दाखवून या.