संकेतस्थळाचा परिणाम मोजायचा तर बारनिशीपासून (सरकारी कार्यालयातल्या आवक-जावक नोंदींपासून) सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. जायकवाडीच्या पाण्यावर बाजू मांडणारी संकेतस्थळं तुम्ही समाजकार्याच्या पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू) प्रबंधासाठी घेतली आहेत. ती लोकांना आणि धोरणकर्त्यांना कशी पटवतात हे तपासायचं आहे, पण मार्गदर्शक म्हणतात की भेटींचे आणि सह्यांचे आकडे पुरेत. माझं स्पष्ट मत आहे, पुरत नाहीत. आमच्या संस्थेसाठी असाच अभ्यास करताना मीही नेमका इथेच अडकलो होतो.

संस्था कोणाची, विश्वस्त कोण, पैसा कुठून येतो हे तुम्ही पाहिलं असेलच. फक्त वेबॅक मशीनवरून (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारी सेवा) जुनी पानं काढून ठेवा, मजकूर गुपचूप बदललेला असतो.

लोकांना कसं पटवतात ते वाचून कळतं. कोणता आकडा उचलला आणि कोणता गाळला, एवढं पाहायचं. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६, बाकीचा मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून एरवी सोडता न येणारं तळाचं पाणी. 'धरण शून्य टक्क्यांवर' असं ठळक लिहून खाली भेगाळलेल्या जमिनीचा फोटो टाकला, की धरणात थेंब नाही असंच वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो शून्य उपयुक्त साठ्याचा असतो, आणि मृतसाठ्यातून पिण्याचं पाणी उपसलं जातं. आकडा खरा आहे, पण होणारा समज अर्धवट आहे. उलट बाजूने १०२ चा आकडा पुढे करून 'एवढं मोठं धरण, तरी मागणी संपत नाही' असं म्हणता येतं. तसंच समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातलं पाणी वरच्या-खालच्या भागांत न्याय्यपणे वाटण्याचं. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, गोदावरी खोऱ्यातल्या धरणांच्या पाणीवाटपावरचा २०१३ चा मेंढेगिरी समितीचा अहवाल, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या नगर-नाशिकमधल्या धरणांतून पाणी सोडणं, हे मराठवाड्याची बाजू लावून धरते. नगर-नाशिककडची बाजू नदीपात्रात वाटेत जिरणाऱ्या पाण्यावर बोट ठेवते. दोन्ही मुद्दे खरे आहेत. दुसऱ्याचा मुद्दा मांडून त्याला उत्तर कोण देतं आणि त्याचा उल्लेखच कोण टाळतं, याचा तक्ता करा. (मी पैठण तालुक्यातला आहे, माझं मन कुठे आहे ते उघड आहे. म्हणून माझं म्हणणंही तपासूनच घ्या.)

खरा घोळ धोरणकर्त्यांपाशी आहे. तिथे संख्या फसवते. २०१५ च्या डिसेंबरात 'फ्री बेसिक्स' या निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेसाठी फेसबुकने एका क्लिकवर तयार पत्र जाईल अशी सोय केली होती. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, लाखो पत्रं गेली. ट्रायने सांगितलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय त्या मोहिमेच्या विरुद्ध लागला. हे आपल्याला कळलं, कारण ट्रायने आलेल्या प्रतिसादांबद्दल जाहीरपणे सांगितलं.

आमच्याकडे तसं झालं नाही. एका मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या आणि एका संकेतस्थळावरचं नमुना पत्र गावोगावहून सह्या-अंगठ्यांसह गेलं होतं. आम्हाला एवढंच हवं होतं: किती पत्रांची आवक झाली, ती कोणत्या कार्यासनाकडे (कार्यालयातल्या टेबलाकडे) गेली, निर्णयासाठी वर पाठवलेल्या टिपणीत त्यांचा उल्लेख झाला का. कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज आधी दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आणि तिथून तो परत आला. मग उत्तर मिळालं, 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' पहिल्या अपिलाच्या सुनावणीत 'बघतो' म्हणाले. दुसरं अपील रेंगाळलं आणि दरम्यान कळलं, की ती पत्रं ड वर्गात, म्हणजे थोडाच काळ ठेवायच्या कागदांत, टाकून निंदणीत (जुने कागद काढून टाकताना) नष्ट केली. ज्या बायांनी टँकरची रांग सोडून अंगठा उमटवला, त्यांचा कागद वर्षभरही महत्त्वाचा ठरला नाही. नमुना पत्राचा परिणाम झाला की ते नुसतं नस्तीबद्ध झालं, म्हणजे फायलीत लावून ठेवलं गेलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आमच्या अभ्यासातलं मुख्य प्रकरण त्यामुळे गेलं. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगतो, आधी कागद गाठा, संकेतस्थळं नंतर वाचली तरी चालतील. आपल्या राज्यात माहिती अधिकाराच्या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'माहिती द्या' यात शब्द घालवू नका. 'आवक नोंदवही आणि संबंधित नस्तीचं (फायलीचं) निरीक्षण करू द्या' असं मागा. निरीक्षणाचा हक्क माहिती अधिकार कायद्यातच आहे, आणि तिथे 'संकलित नाही' ही सबब टिकायला नको. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय. जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

दुसरा माग विधिमंडळाच्या कामकाजात काढा. संकेतस्थळावरचं एखादं वेगळं वाक्य तारांकित प्रश्नात किंवा लक्षवेधीत जसंच्या तसं आलंय का, ते शोधा. सापडलं तरी त्याच सुमाराच्या स्थानिक वर्तमानपत्रांत ते वाक्य आधी येऊन गेलंय का ते पाहा, कारण आमदारांपर्यंत बातमी संकेतस्थळाआधी पोहोचते. आणि मार्गदर्शकांना सह्यांचा आकडा हवाच असेल तर द्या, पण त्याशेजारी किती पत्रांना आवक क्रमांक पडला तो रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर रिकामाच छापा. अर्जाचा मसुदा झाला की दाखवा, १५० शब्दांत बसवून देतो.