धुळ्यात लॉनची देखभाल करण्याचा व्यवसाय नव्याने सुरू केला आहे. पहिले ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरात कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की देवपूर भागात लॉन आणि बागेच्या देखभालीचे काम नुकतेच सुरू केले आहे, जाहिरातीसाठी १०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत आणि ते फ्लेक्सवर, पत्रकांवर की फेसबुकवर खर्च करावेत हे ठरत नाही. मी हेच काम जळगावात ७ वर्षांपासून करीत आहे. सुरुवातीला जाहिरातीवर बरेच पैसे वाया घालवले असल्यामुळे निदान काय करू नये, हे मला खात्रीने सांगता येईल.

पहिली चूक शब्दाची झाली. मी १,००० पत्रके छापून घेतली, त्यांवर ठळक अक्षरांत ‘लॉन केअर सर्व्हिस’ असे लिहिले आणि ती वर्तमानपत्रांत घालून महाबळ आणि रिंग रोडच्या परिसरात वाटली. आठवडाभरात ११ फोन आले, त्यांतले ७ लग्नाच्या तारखेसाठी होते. आपल्या भागात ‘लॉन’ किंवा ‘लॉन्स’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मांडव, जेवणावळी आणि गाड्या लावायची जागा उभी राहते, हे मला खानदेशातच वाढूनही सुचले नाही. पारोळ्याकडच्या एका गृहस्थांना तर मी सगळे समजावून सांगितले, तरी ते शेवटी म्हणाले, ‘ते ठीक शे भाऊ, पण मे महिनानी तारीख खाली शे का?’ तेव्हापासून माझ्या पत्रकावर सरळ ‘बंगल्यासमोरील गवताची कापणी, तण काढणे, खत-पाणी, महिनेवारी कामासह’ असे लिहिलेले असते. ‘हिरवळ’ हा शब्द गोड असला तरी तो वाचून कोणी फोन करीत नाही.

दुसरा मुद्दा असा की या कामाची खरी जाहिरात कुंपणाच्या आत होते आणि ती बाहेरून दिसावी लागते. माझे पहिले कायमचे ग्राहक बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. सप्टेंबर महिना होता, पाऊस पुरेसा झालेला होता, तरीही त्यांच्या लॉनवर ताटाएवढे पिवळे डाग पडले होते आणि पाणी कमी पडते असे समजून ते सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे राहत होते. मी एका डागाच्या कडेला गवत मुठीत धरून ओढले, तर सतरंजी गुंडाळावी तसे ते सहज वर आले, कारण खाली मुळेच उरली नव्हती. मातीत अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या, म्हणजे हुमणी. तोपर्यंत शेजारचे दोघे भिंतीवरून डोकावू लागले होते. ऊस आणि भुईमुगाला लागणारी हुमणी बंगल्याच्या गवतालाही लागते, तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर बसतात आणि काकांच्या फाटकाबाहेरचा कडुनिंब हाच त्यांचा अड्डा असावा, असे मी सांगत होतो आणि ते ऐकत होते. त्याच दिवशी त्या दोघांनीही मला आपले लॉन दाखवायला नेले. १,००० पत्रकांनी जे झाले नाही ते मूठभर गवताने झाले.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सगळे शहर धरू नका, एक गल्ली धरा. रविवारी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान घरमालक स्वतः फाटकाशी, झाडांना पाणी घालताना किंवा गाडी पुसताना सापडतात. त्या वेळी जा आणि रस्त्यावरून सहज दिसणारे एक लॉन निवडून पहिली कापणी निम्म्या दरात करून देण्याची तयारी दाखवा. फुकट करू नका, कारण फुकट कामाला आपल्याकडे किंमत राहत नाही आणि पुढच्या महिन्यात पैसे मागताना तुमचीच जीभ अडखळते. दर चौरस फुटांत सांगा आणि मोजपट्टी त्यांच्यासमोर धरा. अंदाजाने आकडा बोलणाऱ्या माणसाशी लोक घासाघीस करतात, मोजून बोलणाऱ्याशी सहसा करीत नाहीत.

जाहिरात केव्हा करावी, हे ती कुठे करावी याहून महत्त्वाचे आहे. जूनचा पाऊस पडला की गवत आणि लव्हाळा एकदमच उठतात आणि दोन आठवड्यांत घरच्या माणसांच्या हाताबाहेर जातात. पत्रके तेव्हा वाटावीत, मे महिन्यात नाही. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) उन्हात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो, काळी माती भेगाळलेली असते आणि पाण्याची ओढ असते, अशा वेळी नवे लॉन लावून देण्याची जाहिरात करणे मला तरी प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उन्हाळ्यात फक्त आहे ते वाचवण्याचे काम घ्या: कापणीची उंची वाढवा, पाणी पहाटे द्यायला सांगा, खत थांबवा. एका वेळी गवताच्या पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये हा नियम ग्राहकालाही सांगून ठेवा, नाहीतर ‘एकदाच बारीक कापून टाका, म्हणजे महिनाभर बघायला नको’ असा आग्रह होतो आणि गवत जळाले की दोष तुमच्या माथी येतो.

आता ज्या लग्नाच्या लॉन्सनी माझी फजिती केली, तेही ग्राहकच आहेत, हे मला उशिरा कळले. चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे ती मैदाने रिकामी असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर लगेच तारखा सुरू होतात. मांडवाखाली दबून, टाचांनी तुडवून मेलेले गवत पुन्हा भरून यायला काही आठवडे हवेत. म्हणून गणपतीच्या सुमारास मालकांना भेटा, दिवाळीत भेटून उपयोग नाही. मात्र निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय यंत्र उतरवू नका. एका मालकाने माझे पैसे ‘हंगाम झाला की देतो’ म्हणत दोन हंगाम लांबवले होते.

फेसबुकच्या जाहिरातीवर मी पैसे घालवले, फारसा उपयोग झाला नाही. गूगलवरची व्यवसाय नोंदणी मात्र विनामूल्य आहे. तिच्यात दुकानाचा पत्ता न दाखवता सेवा देण्याचा परिसर नोंदवता येतो, त्यामुळे घरून काम करणाऱ्यालाही ती चालते. व्हॉट्सॲपवर याद्या करून एकगठ्ठा संदेश पाठवण्याआधी एवढे लक्षात घ्या की ज्याने तुमचा क्रमांक जतन केलेला नाही त्याला तो संदेश पोहोचतच नाही. त्यापेक्षा कापणीपूर्वीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागी उभे राहून काढा आणि तो घरमालकालाच पाठवा, तो पुढे जातो. आपल्याकडे कित्येक बंगल्यांत आई-वडील राहतात आणि निर्णय पुण्यात नोकरीला असलेला मुलगा घेतो. माझी तीन कामे त्या मुलांनी असे फोटो पाहून, मला एकदाही न भेटता दिली आहेत.

तुमच्या १०,००० रुपयांतून फ्लेक्स पूर्ण वगळा. महापालिकेच्या परवानगीशिवाय लावलेला फलक उतरवला जातो. खांबांवर, भिंतींवर पत्रके चिकटवणे हाही सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या १९९५ च्या राज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. सुमारे २,००० रुपयांची साधी पत्रके छापा आणि ती स्वतः हातात द्या. साक्री रोडकडील आणि देवपुरातील रोपवाटिकांत जाऊन भेटी घ्या, कारण लॉनच्या गाद्या (मुळांसकट तयार गवताचे तुकडे) विकल्यावर त्यांची निगा कोण राखेल हा प्रश्न गिऱ्हाईक त्यांनाच विचारते आणि त्यांना स्वतः ते काम नको असते. तुम्ही शेणखत आणि रोपे त्यांच्याकडून घेतली, तर ते तुमचा क्रमांक आनंदाने देतील. उरलेल्या पैशांतून मूवरचे (गवत कापण्याच्या यंत्राचे) एक जादा पाते आणि ब्रश कटरची दोरी घेऊन ठेवा, कारण जुलैमध्ये दगड लागून पाते तुटते ते नेमके पहिल्या ग्राहकाच्या अंगणात.