जेनेटिक आजार असलेली मुलं वयात लवकर येतात की उशिरा?

तुम्ही लिहिलंय की भाचा १५ वर्षांचा आहे, लहानपणी डॉक्टर काहीतरी जेनेटिक आहे म्हणाले होते, अजून आवाज फुटलेला नाही आणि घरचे म्हणतात थांबा, होईल आपोआप. ते "थांबा" वाचलं आणि लिहायला बसलो, कारण त्या एका शब्दात माझी पाच वर्षं गेलीत.

मला कालमन सिंड्रोम आहे, म्हणजे वयात येणं आपोआप सुरूच होत नाही असा जन्मजात आजार. वर्गातल्या पोरांना मिशा फुटल्या, आवाज घोगरे झाले, मी आपला तसाच. १७ व्या वर्षी घरचा फोन उचलला की पलीकडून "ताई, बाबांना बोलाव ना" यायचं, शेवटी मी फोन उचलणंच बंद केलं. आमचे मोठे काका शाळामास्तर, घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणायचे आपल्या घराण्यात मिशी उशिराच फुटते, मला स्वतःला एकोणिसाव्या वर्षी वस्तरा लागला, उगाच पोराला दवाखाने दाखवू नका. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि वर लग्न झालं की सगळं लायनीवर येतं असंही सांगितलं. म्हणजे शाळेतल्या पोराला!

आणि दुसरी एक गोष्ट होती जी कुणी या गोष्टीला जोडलीच नाही. मला वास येत नाही. कधीच आला नाही. लहानपणी मला वाटायचं 'वास येतो' असं लोक नुसतं म्हणतात, म्हणून मीपण म्हणायचो, आईनं दुधाचं पातेलं पुढं केलं की खोटंच हुंगून "चांगलंय" सांगायचो. एकदा आई शेजारी गेली होती, दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर झालं, सगळं घर धुरानं भरलं आणि मी बाहेरच्या खोलीत गणितं सोडवत बसलेलो. त्या दिवशी जो मार खाल्लाय तो अजून आठवतो. निष्काळजी म्हणून खाल्ला.

१९ व्या वर्षी आईनं काकांना न सांगता मला पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी हात पसरून माप घेतलं, ते उंचीपेक्षा जास्त भरलं (शिंपी कायम म्हणायचा तुझ्या बाह्यांना कापड जास्त लागतं, ते का ते त्या दिवशी कळलं, वयात न आल्यामुळं हातापायाची हाडं वाढतच राहतात). मग ड्रॉवरमधनं मण्यांची माळ काढली, वाटाण्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत मणी, प्रत्येकावर आकडा, त्याच्याशी टेस्टिजचं (अंडकोषांचं) माप जुळवून बघतात. ४ चा मणी म्हणजे सुरुवात झाली, माझं माप निघालं २. लाजेनं मेलो होतो. नंतर डोळे मिटायला सांगून नाकाखाली काहीतरी धरलं आणि विचारलं कसला वास येतोय. मी म्हटलं कसलाच नाही. डोळे उघडले तर कॉफीची बाटली होती, आणि आई पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटतं तिला ते पातेलं आठवलं असणार.

संबंध असा आहे की ज्या पेशी मेंदूतनं 'आता वयात ये' असा हुकूम सोडतात त्या पोटातल्या बाळात नाकाजवळ तयार होतात आणि वासाच्या नसेच्या वाटेनं मेंदूत जातात. वाटच नीट तयार झाली नाही तर वासही गेला आणि हुकूमही गेला. ज्याचं नाव या आजाराला आहे त्या कालमन डॉक्टरनं हे दोन्ही एकत्र असतं असं १९४४ मध्येच लिहून ठेवलंय, टॉनिकवाल्या डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही एवढंच. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली, आधी कमी डोस, मग वाढवत नेला, आणि विसाव्या वर्षी माझा आवाज फुटला. तोवर हाडं मात्र ठिसूळ झाली होती, त्याच्या गोळ्या वेगळ्या.

आता तुमचा प्रश्न. आजाराचं नाव तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं नावावर आहे. क्लाइनफेल्टरमध्ये (मुलात एक एक्स गुणसूत्र जास्त) सुरुवात वेळेवर होते पण टेस्टिज लहानच राहतात. प्राडर विलीत (सतत भूक लागणारा जेनेटिक आजार) उशीर होतो आणि बऱ्याचदा पूर्ण होतच नाही. टर्नरच्या (एक एक्स गुणसूत्र कमी असलेल्या) मुलींचं अंडाशयच काम करत नाही, त्यामुळं बहुतेकींना पाळी औषधानं आणावी लागते. डाऊन सिंड्रोममध्ये साधारण इतरांसारखंच. उलटंही असतं, न्युरोफायब्रोमॅटोसिसमध्ये (नसांवर गाठी येणारा आजार) डोळ्याच्या नसेवर गाठ आली तर मूल फार लवकर वयात येऊ शकतं, मुलगी ८ च्या आत आणि मुलगा ९ च्या आत वयात येताना दिसायला लागला की डॉक्टरांकडं पळायचं. उशिराची रेघ, म्हणजे तोवर काहीच सुरू झालं नाही तर, मुलींना १३, मुलांना १४. तुमचा भाचा ती ओलांडून गेलाय. हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, रक्तातले एलएच, एफएसएच (मेंदूकडून येणारे हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या, आणि घरीच चहापावडर हुंगवून बघा, फुकट आहे. घराण्याचा इतिहास सांगणाऱ्या काकालोकांना आधी रिपोर्ट दाखवा म्हणावं.

हां, एक सांगायला पाहिजे, उशीर झालेली बरीचशी मुलं खरंच नुसती उशिरा येणारी असतात आणि ते घराण्यात असतंच. काकांचा स्वतःचा मुलगा सतराव्या वर्षी काही न करता वयात आला, म्हणजे काका अगदीच चूक नव्हते. पण तुमच्या भाच्याला आधीच काहीतरी जेनेटिक सांगितलंय ना, मग त्याला या हिशोबात धरू नका. आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे मूल होण्याचं औषध नाही, त्याची इंजेक्शनं वेगळी, आठवड्यातनं दोनतीनदा, माझी दीड वर्ष चालली.

काकांनी अजून काही मान्य केलेलं नाही. मागच्या गणपतीत माझ्या पोरीला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "आली का नाही शेवटी मिशी? मी म्हणतच होतो."