व्हिडिओ गेम खेळताना आलेला, दुसरीकडे कुठेच न मिळालेला अनुभव कोणता?

आउटर वाइल्ड्स. प्रश्न वाचला आणि लगेच हेच नाव आलं. (2019 मध्येच 'आउटर वर्ल्ड्स' नावाचाही एक गेम आला. तो अगदी वेगळा आहे, शोधताना गल्लत करू नका.)

आधी एक विनंती. हा गेम खेळायचं तुमच्या मनात असेल तर पुढे वाचू नका, सरळ खेळायला बसा. खाली मी त्यातलं एक कोडं पूर्ण उलगडलं आहे. ते सांगितल्याशिवाय हा अनुभव कुठेच का मिळत नाही हे मला सांगता येणार नाही. शेवट मात्र सांगितलेला नाही.

टिंबर हार्थ नावाच्या इवल्याशा ग्रहावर तुम्ही शेकोटीजवळ डोळे उघडता. चार डोळ्यांच्या लोकांचं गाव आहे, उंच झाडं आहेत, आणि आज तुमचं पहिलं अंतराळ उड्डाण आहे. वेधशाळेतून उड्डाणाचा संकेतांक घ्यायचा, लाकूड आणि पत्रे जोडून केलेल्या यानात बसायचं आणि निघायचं. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. मी आधी चंद्रावर गेलो, इकडेतिकडे हिंडलो. थोड्या वेळाने एक संथ सूर कानावर आला. मला वाटलं, गेमचं पार्श्वसंगीत असेल. दीडएक मिनिटाने सूर्याचा स्फोट झाला, सगळं पांढरंफटक झालं आणि मी पुन्हा त्याच शेकोटीजवळ डोळे उघडले.

22 मिनिटं. दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो आणि काळ मागे जातो. गावात बाकी कुणालाही त्याची आठवण राहत नाही, तुम्हाला मात्र राहते.

बाकी गेममध्ये तुम्ही हळूहळू बलवान होत जाता. नवी तलवार मिळते, चिलखत मिळतं, यान वेगवान होतं. इथे तसलं काहीच नाही. यान, अंतराळपोशाख, दूरचे आवाज टिपणारं यंत्र, जुनी लिपी वाचणारं यंत्र, हे सगळं पहिल्या फेरीत जसं असतं तसंच पन्नासाव्या फेरीतही असतं. फेरीगणिक वाढतं ते एकच, तुम्हाला काय ठाऊक आहे ते. ज्याला सगळं ठाऊक आहे तो एकाच फेरीत गेम संपवू शकतो. दारं पहिल्यापासून उघडीच आहेत, पण ती दारं आहेत हे तुम्हाला कळत नाही.

आता ते कोडं. या सूर्यमालेत डार्क ब्रँबल नावाची एक जागा आहे. बाहेरून ती काटेरी वेलींचा प्रचंड गुंता दिसते आणि आत नुसतं धुकं. धुक्यात दिवे लुकलुकतात. त्यातल्या एका दिव्याच्या मागे यानापेक्षा मोठा मासा असतो. खोल समुद्रात डोक्यावर दिवा लटकवून शिकार करणारा अँग्लरफिश असतो ना, तसाच. मी आत गेलो की तो वळायचा आणि पुढच्या क्षणी सगळं संपलेलं असायचं. सात-आठ वेळा असा मेलो. वेग वाढवून पाहिला, वळसा घालून पाहिला. कुठेतरी शस्त्र ठेवलेलं असणार अशी माझी खात्री होती, आणि ते शोधण्यात मी दोन आठवडे घालवले.

उत्तर दुसऱ्याच ग्रहावर होतं. सूर्याच्या अगदी जवळ दोन ग्रह एकमेकांभोवती फिरतात, ॲश ट्विन आणि एंबर ट्विन. वाळूच्या घड्याळासारखी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतत राहते. एंबर ट्विनच्या गुहा फेरीच्या सुरुवातीला मोकळ्या असतात आणि मिनिटामिनिटाला बुजत जातात. त्यातल्या एका गुहेत त्या माशाचा महाकाय सांगाडा दगड होऊन पडलेला आहे. शेजारी नोमाई मुलांनी काहीतरी लिहून ठेवलंय. नोमाई म्हणजे फार पूर्वी इथे येऊन नाहीसे झालेले लोक. त्यांची लिपी भिंतीवर वेलीसारखी गोल फिरत जाते आणि प्रत्येक फाट्यावर कुणीतरी आधीच्याला उत्तर दिलेलं असतं. त्या मुलांनी लिहिलेले होते एका खेळाचे नियम. एकाने मासा व्हायचं, त्याचे डोळे बांधायचे, बाकीच्यांनी त्याच्या जवळून आवाज न करता निसटायचं.

मी ते वाचलं. मुलांचा खेळ आहे, गोड आहे, असं म्हणून पुढे गेलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर अचानक उठून बसलो. मासा आंधळा आहे! त्याला ऐकू येतं फक्त. यानाचं इंजिन बंद ठेवायचं, एवढंच. शस्त्र कुठेच नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. लाखो वर्षांपूर्वीच्या मुलांनी खेळता खेळता मला वाट दाखवून ठेवली होती. त्या रात्री मला जे वाटलं ते दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेलं नाही, कारण इथे गेममधलं काहीही बदललं नव्हतं, बदललो होतो मी.

खरं तर जवळपास जाणारा दुसरा एकच गेम मी खेळलोय, 2012 चा 'जर्नी'. वाळवंटात अचानक एक अनोळखी सोबती भेटतो, तो जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो, आणि दोघांना बोलायला फक्त एक सूर असतो. शेवटची नामावली येईपर्यंत त्याचं नावही कळत नाही. तोही सुंदर, पण तो पुन्हा खेळता येतो. दर वेळी सोबती नवा.

आउटर वाइल्ड्स पुन्हा खेळता येत नाही. ज्ञान हीच किल्ली असेल तर ती एकदा हातात आल्यावर परत हरवायची कशी? ॲलेक्स बीचमने हा गेम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध म्हणून सुरू केला होता. 2015 मध्ये, पुरा व्हायच्या आधीच, इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. मग मोबियस डिजिटल या छोट्या कंपनीने तो वाढवून 2019 मध्ये आणला आणि 2020 मध्ये बाफ्ता या ब्रिटिश अकादमीने त्याला सर्वोत्तम गेम ठरवलं. कुणीतरी इतकी वर्षं खपून अशी गोष्ट घडवतो जी प्रत्येकाला एकदाच मिळणार आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि चर्टबद्दल सांगायलाच हवं. एंबर ट्विनवर चर्ट नावाचे आपल्याच गावचे एक अंतराळवीर ढोल वाजवत तारे मोजत बसलेले असतात. फेरीच्या सुरुवातीला गेलात तर एकदम आनंदात, नकाशा दाखवायला उत्सुक. थोड्या उशिरा गेलात तर जरा गोंधळलेले, कारण आकाशातले बरेच तारे फुटताना दिसतायत. आणखी उशिरा गेलात तर घाबरलेले, आपलाही सूर्य म्हातारा झालाय हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं. आणि अगदी शेवटी गेलात तर गप्प बसलेले. मी एकदा मुद्दाम पूर्ण फेरी त्यांच्या शेजारी बसून काढली. काही मिळवायचं नव्हतं. एकट्याने मरू नयेत, इतकंच. हे सगळं फक्त कागदोपत्री ठरवलेले संवाद आहेत हे मला माहीत होतं, तरी उठवेना.

गेम संपल्यावर मला एकच मार्ग सुचला, दुसऱ्याला खेळताना पाहायचं. ताई दिवाळीत आठवडाभर माहेरी आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते, कंट्रोलर तिने कधी हातात धरला नव्हता. पहिले दोन दिवस तिचं यान प्रत्येक ग्रहावर आपटत होतं. मी मागे बसून तोंड मिटून होतो. 'अरे, सांग की काहीतरी,' ती चिडून म्हणायची. मी मान हलवायचो. आईला वाटलं आमचं भांडण झालंय.

चौथ्या दिवशी ती त्या गुहेत पोहोचली. वाळू गुडघ्यापर्यंत चढत होती. तिने मुलांचं लिखाण वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, 'ही तर आंधळी कोशिंबीर!' मला जे उमगायला एक अख्खी रात्र लागली होती ते तिला एका वाक्यात कळलं. शेजारच्या अंगणात आम्ही दोघांनी तोच खेळ खेळला होता आणि मला तो आठवलाही नव्हता.

लगेच पुढच्या फेरीत ती डार्क ब्रँबलकडे निघाली. तोंडाशी येताच तिने हलकासा वेग घेतला आणि बटणांवरून दोन्ही अंगठे उचलले. 'इंजिन बंद केलं म्हणून यान थांबत नाही,' ती पुटपुटली, 'न्यूटनचा पहिला नियम, दर वर्षी फळ्यावर लिहिते.' धुक्यात पहिला दिवा दिसला. मग दिव्यामागचा जबडा. यान त्याच्या दातांजवळून इतकं हळू सरकत होतं की मला बघवेना. ताईने श्वास रोखला होता. मीही. आई फराळाची ताटली घेऊन दारात आली, आमच्याकडे पाहिलं आणि ती खाली न ठेवता तशीच उभी राहिली.