दोनशिक्षकी शाळेतल्या नव्या मास्तरला

भाऊ, सोबतचे सर उशिरा येतात नि सगळं काम तुझ्यावर पडतं, याचा राग येणं बरोबर आहे, पण लगेच केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांकडे, धावू नको. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) तक्त्यात ६० पोरांच्या पटापर्यंत शिक्षक दोनच. म्हणजे भांडलास तरी उद्या त्याच सरांचं तोंड पाहायचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मी अशी नऊ वर्षं काढली. आमचे सर एसटीचं नाव सांगून साडेअकराला उगवायचे. चारही वर्ग, पोषण आहार, यू-डायसची म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं, सगळं मीच ओढायचो. चूक तिथंच होती; त्यांचं काही अडतच नव्हतं ना!

एका शनिवारी शाळा सुटल्यावर चहा पाजला नि विचारलं, "सर, पहिली-दुसरी घेता का तिसरी-चौथी?" ठरलं ते कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. तांदळाची साठा नोंदवही त्यांच्याकडे गेली. पहिल्याच महिन्यात नोंदी राहिल्या. हात शिवशिवले, पण मी भरल्या नाहीत. तपासणीला साहेब आले तेव्हा उत्तर सरांनाच द्यावं लागलं बापा!

पोरांना मात्र यात ओढू नको. सरांच्या वर्गावर कोणी शिकवायला नसलं तर जाऊन बस. कापूस वेचणीत अर्धी पोरं तशीही वावरात असतात, जी येतात त्यांचं तरी नुकसान नको.

आणि उशीर का होतो, तेही एकदा नीट विचार. आमच्या सरांची आई अंथरुणाला खिळलेली होती, मला तीन वर्षांनी कळलं.