पैजेला आकार नसतो

विचारणा अशी: पोकरमध्ये फ्लॉप, टर्न, रिव्हर या फेऱ्यांत किती पैसे लावावेत यावर लेख लिहितोय, 'बेट साइज'ला 'पैजेचा आकार' म्हणू का?

नका म्हणू. हे 'आकार' प्रकरण हल्ली सारखं कानावर पडतं. परवा एका भाषांतरात तर 'बेटाचा आकार' वाचला. डोळ्यांसमोर थेट खांदेरी-उंदेरी आली.

मुळात 'पैज'च इथे चुकीची. पैज म्हणजे प्रतिज्ञा, अगदी शब्दशः. प्राकृतात 'ज्ञ'चा 'ज्ज' होतो (सर्वज्ञ, सव्वज्ज), त्याच वाटेने प्रतिज्ञेची पैज झाली. पैजेचा विडा उचलणारा पैसे काढत नाही, शब्द देतो. तरी कोणी ना कोणी शब्दपंडित पैज हे 'पणाला लावणे'मधल्या 'पण' या शब्दाचंच रूप असं ठोकून देतो. 'ण'चा 'ज' कोणत्या नियमाने झाला म्हणून विचारा, मग महाराज विषय बदलतात.

तुम्हाला हवा तो शब्द 'पण', पणाला लावण्यातला. याच धातूचे पण्य, विपणन आणि दुकान या अर्थाचा संस्कृत 'आपण'. बाजार आणि जुगार एकाच कुळातले! पाणिनीने तर दोघांसाठी मिळून सूत्रच केलंय: 'व्यवहृपणोः समर्थयोः'. 'पण्' धातू सौद्याच्या किंवा द्यूताच्या अर्थी आला की त्याच्या कर्माला षष्ठी. शंभर लावतो म्हणजे 'शतस्य पणते'. 'शतम्' नाही, 'शतस्य', शंभराचे. आता दिवाळीतला तीन पत्तीचा डाव आठवा. कोणी दहाची ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता, खेळला की पत्ते पाहिलेल्याला किमान वीसची चाल द्यावी लागते. दहाची, वीसची! पाणिनीची षष्ठी सतरंजीवर बसून पत्ते पिसतेय. हा वारसा नाही, योगायोग आहे, असं व्याकरणवाले मला ऐकवतात. ऐकवोत. मी माझा हट्ट सोडत नाही.

हां, तुमचा लेख. नो-लिमिट पोकरमध्ये, म्हणजे लावायच्या रकमेला वरची मर्यादा नसते त्यात, नुसत्या रकमेला अर्थ नाही, पॉटशी (डावात जमलेल्या एकूण पैशांशी) तिचं प्रमाण महत्त्वाचं. फ्लॉपला पॉट 100 चा असेल आणि तिन्ही फेऱ्यांत तुम्ही निम्मा पॉट लावलात, समोरचा प्रत्येक वेळी कॉल करत, म्हणजे तेवढेच लावत गेला, तर लावायचे 50, मग 100, मग 200. शेवटी पॉट 800 चा. प्रमाण तेच, रक्कम दर फेरीला दुप्पट. यासाठी पाव, निम्मा, पाऊण, सव्वापट, दीडपट हे शब्द असताना 'आकार' कशाला? 'टर्नवर पाऊण पॉट लावला' असं सरळ लिहा. मथळा 'कोणत्या फेरीत किती लावावे'.

आणि तीन पत्तीत 'दीडशाची चाल' याऐवजी नुसतं 'दीडशे चाल' म्हणणारं कोणी भेटलं, तर गावाच्या नावासकट मला कळवा. माझ्या षष्ठीचं काय करायचं ते मग बघू.